वावरात वाजलेला विज्ञानाचा धडा

बोंडअळीनं आमच्या जिल्ह्यातला कापूस आतून पोखरला, त्या वर्षी मी पोरांचं लक्ष मोजायची नोकरी करत होते. हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, ‘काय मोजायची?’ लक्ष. वर्गात मागच्या बाकावर बसायचं, मांडीवर छापील तक्ता ठेवायचा आणि दर पाच मिनिटांनी मान वर करून ठरवायचं, की या पोराचं मन अभ्यासात आहे, अर्धवट आहे, की गावाला गेलंय. मग खूण करायची. महिनाअखेर सगळे तक्ते पुण्याला पाठवायचे.

आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीतले. बाबांनी बांधकाम खात्यात जन्मभर रस्त्यांची मोजमापं लिहिली. माझी नोकरी त्यांना समजावून सांगितली तेव्हा त्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, “रस्ता एका जागी पडून राहते, म्हणून मोजता येते. पोरगं हलते ना.”

संस्था पुण्याची होती. तिनं जिल्ह्यातल्या काही शाळांना टॅब दिले होते. थोडं सरांनी शिकवायचं, थोडं टॅबवरच्या व्हिडिओतून शिकायचं, असा बेत. त्याला इंग्रजीत ब्लेंडेड लर्निंग म्हणतात, आणि पोरांचं त्यात किती मन लागतं त्याला स्टुडंट एंगेजमेंट. ही दोन नावं आमच्याकडे आणण्याआधी कुणीतरी मला विचारायला हवं होतं.

माझ्या वाट्याला महागाव तालुक्यातली एक माध्यमिक शाळा आली. यवतमाळहून रोज जाणं-येणं शक्य नव्हतं, म्हणून महागावात खोली घेतली आणि शनिवारी यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याला घरी यायचं असं ठरवलं. पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझं पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“मॅडम, दहावीच्या पोरी आहेत. वय नाही बसत त्यांचं. आमच्या शाळेत एंगेजमेंट वगैरे चालणार नाही.”

मी समजावलं, की साखरपुडा नव्हे, मन लागणं. ते थोडे सैलावले. पण शेजारी शाळा समितीचे अध्यक्ष बसले होते. गावातले वजनदार गृहस्थ, पांढऱ्या पायजम्यातले. त्यांचा आक्षेप दुसऱ्या शब्दावर होता.

“ब्लेंडेड मले माहीत आहे,” ते म्हणाले. “पण ते बाटलीवर लिहून असते. शाळेत कायले?”

अशा रीतीनं माझं संशोधन सुरू झालं.

वर्ग दहावीचा, विषय विज्ञान. विज्ञानाचे सर पन्नाशीचे, अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक. त्यांनी टॅबचं स्वागत फार मनापासून केलं, कारण टॅब लागला की त्यांना खुर्चीवर बसता यायचं. टॅबमध्ये पुण्याची एक मॅडम होती. हलक्या निळ्या साडीतली, हसतमुख, एका सुरात बोलणारी. “चला तर मग, मित्रांनो, आज आपण बघणार आहोत,” असं ती प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला म्हणायची. आठवड्याभरात पोरांनी ती पाठ केली. मधल्या सुट्टीत मैदानावर कबड्डी चालायची आणि चढाई करणारा पोरगा दम धरण्याऐवजी “मित्रांनो, मित्रांनो, मित्रांनो” करत पलीकडे जायचा.

माझ्या तक्त्याचं पहिल्या महिन्यात हसं झालं. सरांनी पोरांना सांगून ठेवलं होतं, की मागे बसलेली मॅडम पुण्याला कळवते, तेव्हा माना हलवायच्या. त्यामुळे मी डोकं वर केलं की अख्खा वर्ग एका तालात माना डोलवायचा. सर फळ्याकडे तोंड करून असले तरी डोलवायचा. एकदा सर नुसते शिंकले, तरी पोरांनी माना डोलवल्या. माझ्या तक्त्यात सगळ्यांचं मन लागलेलं, पूर्ण. पुण्याहून कौतुकाचा फोन आला.

पुढे पोरं मला सरावली आणि खरी वागायला लागली. मग दुसरा घोळ. शाळेला लागून कापसाची वावरं होती आणि ते फवारणीचं वर्ष होतं. अळी मरत नव्हती, म्हणून औषध वाढवत होते, आणि औषध वाढलं की माणसं दवाखान्यात जात होती. वारा शाळेकडे फिरला की खिडक्या लावायच्या. तरी वास यायचाच. पोरं डोळे चोळायची, बाकावर डोकं टेकायची. तक्त्यात त्याला एकच रकाना होता, ‘मन नाही’. मी शेजारी बारीक अक्षरात लिहायची, ‘फवारणी’. पुण्याहून आमचे प्रकल्पाचे साहेब विचारायचे, “फवारणी म्हणजे कोणता घटक? विद्यार्थ्याशी संबंधित की शिक्षकाशी?” मी म्हणायची, “वाऱ्याशी.” ते म्हणायचे, “इंटरेस्टिंग.”

दिवाळीनंतर वेचणी लागली आणि वर्ग रिकामा झाला. बोंडं किडलेली, कापूस कमी, पण जो आहे तो झटकन काढायला हवा होता, आणि वेचायला बाया मिळत नव्हत्या. मग घरातल्या पोरी निघाल्या. माझ्यासमोर सात-आठ मुलगे उरले आणि त्यांतले दोन झोपलेले.

त्या दिवसांतच साहेबांचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीतला.

“तुमच्या शाळेतला एक टॅब चोरीला गेलाय का?”

“नाही. का?”

“मग हे काय आहे? विद्यार्थिनी सलग गैरहजर आहे आणि तिचा टॅब दिवसभर चालू. संपूर्ण जिल्ह्यात सर्वांत जास्त वापर या एका टॅबचा. एकच धडा, आणि त्यातलाही एकच तुकडा. सारखा मागे नेऊन पुन्हा, पुन्हा. कुणीतरी खेळतंय त्याच्याशी. जाऊन बघा.”

टॅबचं असं होतं, की शाळेतल्या इंटरनेटच्या यंत्राजवळ आला की तो आपली सगळी चहाडी पुण्याला सांगायचा. कोणी काय बघितलं, किती बघितलं, कुठे थांबलं. दहावीच्या पोरांना टॅब घरी न्यायची परवानगी होती आणि ही मुलगी वेचणीला जाण्याआधी सकाळी शाळेत येऊन तो चार्ज करून न्यायची. मुलगी मला माहीत होती. उंच, सावळी, सरांना सारखे प्रश्न विचारणारी आणि म्हणून सरांची नावडती.

धडा कोणता ते बघितलं आणि मला हसू आलं. पुनरुत्पादनाचा. हा धडा सर शिकवत नसत. दर वर्षी तो आला की ते म्हणायचे, “हा सोपा आहे, घरी वाचून घ्या,” आणि पुढच्या धड्याला लागायचे. टॅब आल्यावरसुद्धा त्यांनी तेच म्हटलं. या मुलीनं सरांचं ऐकलं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुलीच्या घराला कुलूप बघून विचारत विचारत वावरात गेले. गावाबाहेर नाल्यापलीकडे पाच-सहा बाया ओळीत कापूस वेचत होत्या. कमरेला ओट्या बांधलेल्या, डोक्याला रुमाल. आणि कापसाच्या पराट्यांतून, अगदी स्पष्ट, पुण्याच्या मॅडमचा आवाज येत होता.

“चला तर मग, मित्रांनो...”

“चाल बाई, चाल,” एक बाई म्हणाली. “रोज म्हणते चला, अन् जात कुठीच नाही.”

टॅब मुलीच्या गळ्यात लटकत होता, जुन्या ओढणीनं बांधलेला. तिनं मला पाहिलं आणि ती टॅबवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या आईनं मात्र ओळख नसताना मला हाक मारली.

“या वो मॅडम! पोरगी म्हणे का शाळा बुडून राह्यली. म्या म्हटलं, शाळाच घेऊन ये मंग.”

मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले. त्यांना वाटलं मी टॅब काढून घ्यायला आले. मी म्हटलं, फक्त बघायला आले. सवयीनं तक्ता काढला आणि परत पिशवीत ठेवला. त्यात लिहायचं काय? विद्यार्थिनीचे दोन्ही हात कापसात, डोळे कापसात, मन कुठे ते पाठीमागून कसं दिसणार?

पण कान लावून बसल्यावर मला एक कळलं. त्या वर्गात मानाबिना कुणी डोलवत नव्हतं. बाया पुण्याच्या मॅडमशी भांडत होत्या. मासिक पाळीचा भाग चालू होता आणि मॅडम म्हणाली, या काळात विश्रांती घ्यावी. त्यावर ओळभर असा हशा उठला की पलीकडच्या वावरातला बैलसुद्धा थांबला. “तिले म्हणा ये, आमच्या जागी वेच, आमी घेतो विश्रांती.” मग कुणीतरी मुलीला म्हणालं, “ते लाव नं व, पोराचं अन् पोरीचं.” मुलीनं गळ्यातला टॅब पुसला आणि तो तुकडा लावला. पुण्याला माहीत असलेला तोच.

त्यात मॅडम सांगत होती, की बाळ मुलगा होणार की मुलगी हे आईवर ठरत नाही. आईकडून एकाच प्रकारचं गुणसूत्र येतं. वडिलांकडून दोनपैकी एक येतं, आणि ते जे येईल त्यावर ठरतं.

ओळीत मध्यभागी एक तिशीची बाई होती. मुलगी तिला काकू म्हणत होती, नुसती शेजारची. तिला तीन मुली होत्या आणि घरात त्याचा बोल तिलाच लागायचा. तिच्या पुढच्याच ओळीत तिची सासू वेचत होती, वाकलेली पण हातानं सगळ्यांत चपळ. काकूनं हातातला कापूस ओटीत टाकला आणि मुलीला म्हणाली, “पुन्हा लाव.”

मुलीनं पुन्हा लावलं.

“अजून एकडाव.”

सासू वर न बघता म्हणाली, “पुण्याच्या बाईले काय माहीत आमच्या घरचं? काम करा.”

“तिले नसन माहीत,” काकू म्हणाली. “पण पुस्तकात लिहून आहे. सरकारनं छापलं आहे. होय का नाही वो मॅडम?”

सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या. शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली होती मी, पण कुणी मला इतका सरळ प्रश्न आजवर विचारला नव्हता. मी म्हटलं, “होय. खरं आहे.”

“बारा वर्सं,” काकू म्हणाली. एवढंच. आणि पुन्हा वेचायला लागली. सासूचे हात क्षणभर थांबले होते, तेही चालू झाले. मुलीच्या आईनं विषय बदलावा म्हणून मला भाकर आणि ठेचा दिला. ठेचा इतका तिखट होता की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि बायांना वाटलं मी हळवी झाले.

मी साहेबांना कळवलं, की टॅब सुरक्षित आहे आणि अभ्यासासाठीच वापरला जातोय. आता हे प्रकरण मिटलं असं मला वाटलं. दोन दिवसांनी शाळेत गेले तर ऑफिसात आरडाओरड.

काकूचा नवरा आला होता. धट्टाकट्टा माणूस, हातात मोटारसायकलची किल्ली, जी तो बोलताना टेबलावर आपटत होता. “माही बायको भरल्या घरात मले म्हणते, का पोरी माह्याच्यानं झाल्या. शाळेतून शिकवलं म्हणते. हे शिकवून राह्यले का तुमी?” मुख्याध्यापकांनी ताबडतोब विज्ञानाच्या सरांकडे बोट दाखवलं. सरांनी माझ्याकडे. मी कुणाकडे दाखवणार, टॅबकडे?

संध्याकाळी शाळा सुटल्यावर बैठक ठरली. अध्यक्ष आले. मुलगी आणि तिची आई आल्या. कुणीही न बोलावता काकू आली आणि तिच्या मागोमाग सासू. वर्गातल्याच बाकांवर सगळे बसले, मोठी माणसं लहान बाकांत गुडघे वर करून. मुख्याध्यापकांनी सुरुवातीलाच निकाल दिला. टॅब शाळेबाहेर जाणार नाहीत. वावरात नेणं म्हणजे सरकारी मालमत्तेचा दुरुपयोग. मी म्हटलं, मालमत्ता सरकारची नाही, संस्थेची आहे. ते म्हणाले, मग संस्थेचा दुरुपयोग.

मुलीची आई उभी राहिली. “दुरुपयोग काहून? पोरगी वावरात गेली ते हौसेनं नाही गेली. सरायनं म्हटलं घरी वाचा, तिनं वाचलं. आमाले वाचता येत नाही, म्हणून तिनं आयकवलं. याच्यात खराब काय झालं?”

“झालं नं!” नवरा म्हणाला. “माह्या घरात झालं.”

अध्यक्ष इतका वेळ मिशी कुरवाळत ऐकत होते. त्यांनी हात वर केला. “भांडण बाजूले ठेवा. मले आधी एक सांगा. सर, हे खरं आहे का?”

सर उभे राहिले. बसले. पुन्हा उभे राहिले. एवढ्या वर्षांत या धड्यावर त्यांना कुणी पहिल्यांदाच प्रश्न विचारत होतं आणि तोही समितीचा अध्यक्ष. “म्हणजे शास्त्र तसं म्हणते,” ते म्हणाले.

“शास्त्र काय म्हणते ते नाही विचारलं. खरं आहे का?”

सरांनी कपाळ पुसलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, “खरं आहे.”

“मंग तुमी मले आधी काहून नाही सांगतलं?” नवरा ओरडला. “मी तुमच्याच हाताखाली शिकलो! याच वर्गात!”

यावर मुलीची आई फिस्सकन हसली आणि पदर तोंडात कोंबला. मला कागदात डोकं घालावं लागलं. पण सर हसले नाहीत. ते फळ्यापाशी गेले, खडू घेतला, ठेवला. मग त्यांनी खिशातून नाणं काढलं. म्हणाले, यात कुणाचा दोष नसतो. बापाकडे दोन बाजू असतात, जशा नाण्याला. कोणती पडेल ते त्याच्याही हातात नसतं. छापा म्हणजे पोरगा, काटा म्हणजे पोरगी, असं म्हणून त्यांनी नाणं उडवलं. काटा. पुन्हा उडवलं. काटा. पुन्हा. पुन्हा काटा.

“पाहा,” काकू म्हणाली. “तीन पोरी.”

सगळा वर्ग बाकांवरून उठून सरांभोवती जमला. अध्यक्षांना नाण्यावर संशय आला. त्यांनी स्वतःचं काढलं. त्यांचा छापा पडला आणि ते उगाच खूश झाले, जणू त्यांना नातू झाला. नवऱ्यानं नाणं हिसकावून घेतलं आणि उडवलं, इतकं जोरात की ते पंख्याला लागून बाकाखाली गेलं. मग अध्यक्ष, नवरा आणि मुख्याध्यापक तिघंही बाकाखाली वाकून नाणं शोधत होते, आणि सर वरून त्यांना सांगत होते, की आधीचे तीन काटे पडले म्हणून पुढचा छापा पडेलच असं नसतं, प्रत्येक वेळी नवीन डाव असतो. सरांचा आवाज मोठा झाला होता. त्यांना तसं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, मुलीनंही नाही. ती अगदी पुढे जाऊन उभी होती.

नवऱ्याला काही पटलं नाही. तो किल्ली उचलून निघून गेला. टॅबचा निर्णय अध्यक्षांनी दिला. टॅब घरी जाईल, घरचे लोक तो कुठे घेऊन जातात ते शाळेनं बघायचं नाही. आणि सरांनी तो धडा वर्गात शिकवायचा.

सरांनी शिकवला. वेचणी संपून पोरी परत आल्यावर, दोन तास सलग. पहिला अर्धा तास त्यांनी फक्त खिडकीकडे बघत शिकवलं. पुढच्या बाकावरच्या पोरी डोकं वर काढेनात आणि मागच्या मुलांचे कान लाल. तक्त्याप्रमाणे कुणाचंही मन नव्हतं, कारण कुणीही शिक्षकाकडे किंवा पडद्याकडे बघत नव्हतं. पण वर्गात कागद हलल्याचा आवाज नव्हता. त्या उंच मुलीनं हात वर केला आणि जुळ्यांचं कसं असतं ते विचारलं. सर दचकले, मग खिडकी सोडून तिच्याकडे वळले आणि सांगायला लागले. मी सगळ्यांना ‘पूर्ण’ची खूण केली आणि शाईचं पेन खिशाला लावून मोकळी झाले.

जानेवारीत साहेब पुण्याहून आले. त्यांना वावर बघायचं होतं. वेचणी संपलेली, त्यामुळे उभ्या वाळक्या पराट्या बघाव्या लागल्या. नवेकोरे बूट घालून ते काळ्या मातीत उतरले. नाल्याच्या बाजूला ओल होती. त्यांचा एक बूट तिथेच राहिला आणि मोजा पुढे आला. मी म्हटलं, “या टॅबवरचा अभ्यास अहवालात यायला हवा. इतकं मन कुठल्याच वर्गात लागलेलं नाही.”

ते एका पायावर उभे राहून बूट उपसत होते. “मान्य. पण हे आपल्या व्याख्येत बसत नाही. शिकणारी व्यक्ती पटावर हवी. या बाया पटावर नाहीत.”

“मग पट मोठा करा.”

“अहो, इंटरेस्टिंग आहे, पण नाही करता येत.”

अहवाल आला तेव्हा त्यात आमच्या शाळेबद्दल एक ओळ होती. काही टॅबचा घरगुती वापर आढळल्यानं ती आकडेवारी वगळली आहे. मी ती ओळ बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “खात्यात आमी अशा ठिकाणी लिहायचो, ‘पावसामुळे मोजमाप शक्य झालं नाही’.” आणि दोघंही बराच वेळ हसत बसलो. पण त्या ओळीचा राग गेला नाही, मी पुढच्या वर्षीचा करार केला नाही. एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागले.

पण महागावातली खोली सोडण्याआधी एक दिवस मुलीची आई आली. काकूनं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं होतं. घरात चौथ्यांदा बघू असं चाललं होतं आणि तिनं नाही म्हटलं होतं. नवरा बोलत नव्हता. ग्रामीण रुग्णालयात शिबिर होतं, मी सोबत यावं, इंग्रजी कागद असतात. मी म्हटलं, कागद मराठीत असतात, पण येते.

सकाळी काळीपिवळी जीप येऊन थांबली. आत काकू, मुलीची आई, आणि त्यांच्या मध्ये सासू. मांडीवर डबा आणि घडी केलेली गोधडी. मी समोरच्या बाकावर बसले. गाडी निघाल्यावर सासूच बोलली.

“तुमाले वाटलं असन, म्हातारी कायले आली.”

“नाही हो आजी.”

“वाटलं. तोंडावर दिसून राह्यलं.” मग बाहेर बघत म्हणाली, “मलेबी पह्यल्या दोन पोरीच झाल्या. माह्या सासूनं मले माहेरी नेऊन टाकलं होतं. पोरगा नाही झाला असता तं तिथंच असते. आता हे म्हणतात का माहा दोषच नव्हता. आता सांगून काय करता? ती बुढी कधीची मेली. भांडू कोणासंग?”

काकू खाली मान घालून बसली होती. तिनं सासूच्या मांडीवरचा डबा आपल्याकडे घेतला. सासूनं घेऊ दिला.

रुग्णालयात व्हरांड्यात बायांची रांग होती. नर्स प्रत्येकीला नवऱ्याचं विचारत होती. काकूपाशी आली आणि म्हणाली, “मालक कुठी आहे?”

“नाही आले.”

“मंग सोबत कोण आहे?”

काकूनं माझ्याकडे बघितलं, मी तोंड उघडणार, इतक्यात सासू दोघींच्या मधून पुढे आली.

“मी आहे नं. त्याले जलम देणारी मी. माह्याहून मोठा आहे का तो?” नर्स काही म्हणायच्या आत तिनं दुसरा प्रश्न टाकला. “अन् आमाले खाट देता का जमिनीवर टाकता? जमिनीवर टाकलं तं मी इथून हलणार नाही, अन् तुमाले हलू देणार नाही.”

नर्स वैतागून आत गेली. खाट मिळाली. तिच्यावरची चादर सासूला पसंत पडली नाही. तिनं ती उचलून खिडकीबाहेर झटकली, उलटी करून घातली, वर आपली गोधडी पसरली आणि सुनेला म्हणाली, “पड आता. घरच्या तिन्ही पोरी आता माह्याच भरवशावर. त्याहीच्या वेण्या घालता घालता माही सकाळ जाईन उद्या, एवढं ध्यानात ठेव.”

काकू आडवी झाली. मी आणि मुलीची आई चहा आणायला बाहेर पडलो.